मागचा बाक : उघड्या जीपमधल्या दोन तासांच्या फेरीचा प्रकरण अभ्यास

त्या दुपारी डोंगरावर गारांचं वादळ आलं आणि आमची जीप त्याआधीच, उघड्या धारेवर न चढता, माघारी वळलेली होती. पहिले दोन दिवस आम्ही या फेरीबद्दल ‘वेळेवर परत फिरण्याचं चांगलं उदाहरण’ म्हणून बोलत होतो. तिसऱ्या दिवशी आजींच्या एक्स-रेबद्दल फोन आला. कमरेच्या पहिल्या मणक्याला दाबाचा अस्थिभंग झाला होता. तो वादळात झालेला नव्हता. स्वच्छ उन्हात, सगळे हसत असताना, फेरीच्या पहिल्या अठरा मिनिटांत झाला होता.

पार्श्वभूमी

उघड्या जीपमधून डोंगर दाखवणाऱ्या एका छोट्या गटासाठी मी चालक-मार्गदर्शकांचं प्रशिक्षण पाहते. त्या दिवशी तळावर वॉकीटॉकीपाशी मीच होते. त्यामुळे या प्रकरणात माझीही एक चूक आहे आणि ती तिच्या जागी येईलच. कुटुंबाच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत.

फेरी छोटी आहे. तळ १,९०० मीटर उंचीवर, माथा २,९०० मीटरवर, मधली कच्ची वाट ९ किलोमीटरची. चढायला तासभर, माथ्यावर वीस मिनिटं आणि उतरायला तासापेक्षा थोडं कमी. पहिले साडेचार किलोमीटर झाडीतून जातात, मग दीड किलोमीटर मोकळ्या गवताळ उतारावरून वाट सहाव्या किलोमीटरवरच्या कुरणावर पोचते. कुरण २,५०० मीटरवर आहे. तिथून शेवटचे तीन किलोमीटर डोंगराच्या बोडक्या धारेवरून जातात. त्या धारेवर दोन्ही बाजूंना दरी दिसते आणि लोक येतात ते तेवढ्यासाठीच.

जीपमध्ये चालकाशेजारी एक जागा, मधल्या रांगेत पुढे तोंड करून तीन जागा आणि मागे समोरासमोर दोन आडवे बाक. डोक्यावर रोल बार आणि गुंडाळून ठेवलेली ताडपत्री. बाजू पूर्ण उघड्या. मधल्या जागांना खांद्यावरून येणारे पट्टे आहेत, मागच्या बाकांना फक्त कमरेचे.

प्रवासी सहा होते. ७१ वर्षांच्या आजी, त्यांचा मुलगा आणि सून, नऊ वर्षांची नात, आजींची लेक, म्हणजे त्या मुलीची आत्या, आणि आत्याचा वीस वर्षांचा मुलगा. चालकाला आमच्याकडे सहा वर्षं झाली होती. या वाटेवरचा दगडन् दगड त्याच्या ओळखीचा आहे.

निघण्याआधी

फेरी अकराला सुटायची होती. आधीच्या फेरीत चाक पंक्चर झालं, जीप उशिरा परतली आणि हे कुटुंब निघालं अकरा पन्नासला. उशीर आमचा होता. लोक पन्नास मिनिटं उन्हात उभे होते म्हणून चालकाने एरवी दहा मिनिटं चालणाऱ्या सूचना तीन मिनिटांत आटोपल्या. पट्टे, दांडी कुठे धरायची, हातपाय बाहेर काढायचे नाहीत, एवढंच.

मग सगळे जीपपाशी आले आणि कोण कुठे बसणार हे अर्ध्या मिनिटात ठरलं. नातीला गाडी लागते म्हणून ती पुढे. हे बरोबरच होतं. मुलगा आणि सून मध्ये बसले आणि आत्याला त्यांच्या शेजारी ओढून घेतलं. आजी म्हणाल्या, “मी मागे बसते. तुम्हा मुलांना पुढचं दिसू दे, मला काय, कुठूनही दिसतं.” भाचा त्यांच्या समोरच्या बाकावर बसला. कोणी हरकत घेतली नाही. चालकानेही नाही, कारण आजी चपळ होत्या आणि मागच्या पायरीवरून कोणाचा हात न धरता चढल्या होत्या.

फॉर्मवर ‘कोणाला काही आजार आहे का?’ असा एकच प्रश्न होता. मुलाने लिहिलं होतं : ‘आईला रक्तदाबाची गोळी चालू.’ दोन वर्षांपूर्वी घरातच पाय घसरून आजींचं मनगट मोडलं होतं हे त्याने लिहिलं नाही. त्याने लपवलं असं मला मुळीच वाटत नाही. हात जुळला, प्लास्टर निघालं, विषय संपला. जुळलेल्या हाडाला घरात कोणी आजार म्हणत नाही. वैद्यकीय नजरेला मात्र उभ्या उंचीवरून साधं पडून मोडलेलं मनगट ही मोठी खूण असते. हाडं ठिसूळ झाल्याची पहिली जाहीर बातमी पुष्कळदा तिथूनच येते आणि पुढचा भंग मणक्यात होण्याचा संभव त्यानंतर वाढतो. आमच्या प्रश्नाने ही गोष्ट बाहेर येणं शक्यच नव्हतं.

चढताना

अडीचाव्या किलोमीटरवर वाट एक ओहोळ ओलांडते. पलीकडे उघड्या खडकाची वीसेक सेंटिमीटरची पायरी आहे, चढून गेल्यावर लगेच उतरणारी. पुढची चाकं हळू उतरली. मागची थोडी जोरात आदळली. बारा वाजून आठ मिनिटं झाली होती. सगळे ओरडले, मग हसले. भाच्याच्या मोबाइलवर हा क्षण टिपला गेला आहे. त्यात आजींचं “आई गं” ऐकू येतं आणि पाठोपाठ त्यांचंच हसू.

या पायरीचं गणित आम्हाला आधीच ठाऊक असायला हवं होतं. जीपच्या पुढच्या आणि मागच्या आसांत साधारण अडीच मीटर अंतर असतं. मागची चाकं २० सेंटिमीटर खाली आली, तर दोन्ही आसांच्या मधोमध बसलेला माणूस सुमारे १० सेंटिमीटर खाली येतो. मागच्या आसाच्या वर बसलेला पुरा २०, आणि आसाच्याही मागे बसलेला त्याहून जास्त. त्यात पाट्यांच्या स्प्रिंगा कडक. माणूस क्षणभर बाकावरून सुटतो आणि परत वर उसळणाऱ्या बाकावर आदळतो. तो जर तेव्हा दांडी धरून पुढे वाकलेला असेल, तर सगळा भार मणक्यांच्या पुढच्या कडेवर येतो. छातीचा शेवटचा मणका आणि कमरेचा पहिला मणका यांच्या जोडावर हा भार सर्वांत वाईट पडतो, कारण बरगड्यांनी बांधलेला ताठर भाग तिथे संपतो आणि लवचिक कंबर सुरू होते. आडव्या बाकावर पाठीला टेकू नसल्यामुळे माणूस वाकलेलाच असतो. आजींचा मणका नेमका तिथेच, पुढच्या बाजूने, पाचरीसारखा दबला.

या धक्क्यांचा धोका नवा नाही. अंगाला बसणाऱ्या कंपनांसाठी आयएसओ २६३१ नावाचं मानक आहे. त्याचा पाचवा भाग वारंवार बसणारे धक्के कमरेच्या कण्याला किती महाग पडतात हे मोजण्यासाठी लिहिला गेला आणि तो २००४ मध्ये पहिल्यांदा निघाला. वेगवान बोटी आणि खडबडीत जमिनीवरची यंत्रं चालवणारे लोक तो वापरतात. पर्यटकांना बसवणारे आम्ही ‘घट्ट धरा’ म्हणून मोकळे होत होतो.

पायरी ओलांडल्यावर चालकाने मागे वळून विचारलं, “सगळे ठीक ना?” सहा जणांनी एका आवाजात “हो” म्हटलं. त्या सहांत आजीही होत्या.

साडेचाराव्या किलोमीटरवर, झाडी संपते तिथे, नातीला उलटी झाली. वळणं सुरू झाल्यापासून ती मान खाली घालून आईच्या मोबाइलवरचे फोटो बघत होती. चालकाने जीप सावलीत घेतली. वर जावं की नाही हे ठरवण्याआधी त्याला एक गोष्ट पक्की करायची होती, ही उलटी गाडी लागल्याची की उंचीची? हा त्याचा विचार मला फार आवडला. उंचीचा त्रास सहसा २,५०० मीटरच्या वर आणि तिथे पोचल्यावर काही तासांनी सुरू होतो. इथे उंची कमी होती, निघून अर्धा तास झाला होता आणि डोकं दुखत नव्हतं. जीप थांबल्यावर पाच मिनिटांत मुलीच्या चेहऱ्यावर रंग परतला. त्याने मोबाइल आईकडे दिला आणि मुलीला सांगितलं, “आता तू दूरच्या शिखराकडे बघत राहा आणि पुढचं वळण डावीकडे की उजवीकडे ते मला आधी सांग.” डोळ्यांना स्थिर चित्र दिसत असतं आणि कानातला तोल सांभाळणारा भाग हालचाल सांगत असतो. त्या भांडणातून मळमळ होते. नजर लांब गेली की भांडण मिटतं. मुलीने पुढची सगळी वळणं बरोबर सांगितली.

थांबा आठ मिनिटांचा होता. आजी सोडून सगळे पाय मोकळे करायला उतरले. चालकाच्या हे लक्षात आलं होतं. नंतर तो मला म्हणाला, “वाटलं, दमल्या असतील. उलटीच्या गडबडीत विचारायचं राहून गेलं.”

कुरणावरचे पर्याय

बारा बेचाळीसला ते कुरणावर पोचले. धारेच्या पलीकडे तासाभरापूर्वी कापसाच्या बोंडाएवढे दिसणारे ढग आता एकमेकांवर चढून उंच झाले होते, आणि सर्वांत मोठ्याचा तळ काळा पडला होता. उन्हाने उतार तापतात, तापलेली हवा डोंगराला घासत वर जाते, वर गार होते आणि तिच्यातल्या वाफेचे ढग होतात. म्हणूनच डोंगरातली वादळं बहुधा दुपारची असतात. एक वाजता माथा सोडायचा हा आमचा जुना नियम यातूनच आला. अकराची फेरी हा नियम आरामात पाळते, अकरा पन्नासची पाळूच शकत नाही. हे साधं गणित निघताना कोणीच केलं नाही, मीही नाही.

चालकापुढे चार वाटा होत्या.

थेट माथ्यावर जायचं. वीस मिनिटांची चढण होती आणि भाच्याचा आग्रह होता : “दादा, एवढं जवळ आलोय, पाच मिनिटं थांबून लगेच फिरू.” पण धारेवर जीप वळवता येईल अशी एकच जागा आहे आणि ती माथ्यावर. एकदा धारेवर चढलं की मधून परत फिरता येत नाही.

कुरणावर अर्धा तास थांबून ढग कुठे सरकतात ते पाहायचं. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण कुरण स्वतःच मोकळं आहे. आणि उघड्या जीपमध्ये विजेपासून आसरा मिळतो हा गैरसमज आहे. बंद मोटारीचा धातूचा सांगाडा वीज बाहेरून जमिनीकडे नेतो. ताडपत्रीच्या जीपला तसं कवच नसतं.

धारेच्या पहिल्या वळणापर्यंत पायी जाऊन दरी पाहायची आणि परत यायचं. दहा मिनिटांचं काम, पण उंच बोडक्या जागी उभी माणसं.

चौथी वाट म्हणजे इथूनच मागे फिरायचं.

त्याने वॉकीटॉकीवर मला ढगांचं वर्णन सांगितलं आणि म्हणाला, “मी इथूनच फिरवतोय.” मी विचारलं, “वारा कुठून आहे? गडगडाट ऐकू येतो का?” त्याने उत्तरं दिली. मी म्हटलं, “बरोबर आहे, फिर.” बोलणं मिनिटभरात संपलं आणि त्या मिनिटात ‘माणसं कशी आहेत?’ हा प्रश्न मी विचारला नाही. मुलीला उलटी झाल्याचं त्याने आधी कळवलं होतं, तरीही नाही. माझी चूक ती हीच. आम्ही दोघंही आभाळाकडे बघत होतो.

परतायचं ठरल्यावर त्याने लोकांना जे सांगितलं ते मात्र शिकण्यासारखं आहे. त्याने माफी मागितली नाही आणि भीतीही घातली नाही. “उशीर आमच्याकडून झाला, त्यामुळे माथा आज हातचा गेला. तो ढग तासाभरात इथे असेल आणि तेव्हा आपण झाडीत असायला हवं. इथे दहा मिनिटं आहेत, या डोंगराच्या थरांकडे मी तुमचं लक्ष वेधतो.” समोरच्या कड्यातले तिरके थर एके काळी पाण्याखाली सपाट साचले होते आणि मग दाबाने उचलले गेले, हे तो हाताची पालथी मूठ वाकवून दाखवतो. नात खडकावरचे नारिंगी दगडफुलांचे डाग बघत बसली. तो डाग वर्षाला एखादा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी वाढतो म्हटल्यावर तिने बोटाने तो मोजला आणि आजीला हाक मारली, “आजी, ये ना, हे तुझ्यापेक्षा म्हातारं आहे!”

आजी उतरायला गेल्या आणि त्यांना सरळ उभं राहता येईना.

दुसरी अडचण

“उसण भरली असेल,” आजी म्हणाल्या. “बसून बसून आखडलं.” सुनेला ते पटलं नाही. आजींचा हात पाठीच्या मधोमध एकाच जागी दाबलेला होता आणि श्वास घेताना त्या थांबत होत्या. तिने विचारलं, “आई, कधीपासून?” त्यावर आजींनी पहिल्यांदा ओहोळाचं नाव घेतलं.

चालकाने प्रथमोपचारात शिकलेलं तपासलं. दोन्ही पायांना मुंग्या नव्हत्या, बोटं हलत होती, पायात जोर होता, मांड्यांच्या आतल्या बाजूला स्पर्श कळत होता, लघवीवर ताबा होता. म्हणजे मज्जारज्जूला मार बसल्याची खूण नव्हती. पण कण्याच्या मध्यरेषेवर एका ठिकाणी बोट लागलं की त्या कळवळत होत्या. स्नायूची उसण सहसा बाजूला दुखते. मध्यावरचं नेमकं दुखणं हाडाचं धरून चालावं असं आम्ही शिकवतो, आणि त्याने तसंच धरलं.

आता दोन संकटं एकमेकांच्या उलट दिशेने ओढत होती. ढग म्हणत होता, लवकर उतर. मणका म्हणत होता, हळू उतर. शास्त्रशुद्ध उत्तर विचारलं तर कण्याच्या दुखापतीचा संशय असलेल्या माणसाला हलवू नये, स्ट्रेचर आणि प्रशिक्षित माणसं येईपर्यंत आडवं ठेवावं. तळावरून ती मदत कुरणावर पोचायला किमान दीड तास लागला असता. त्या वाटेवर रुग्णवाहिका चढत नाही. दीड तास उघड्या कुरणावर, वीज आणि गारांत, ७१ वर्षांची दुखावलेली बाई आणि एक लहान मूल. मी वॉकीटॉकीवर हे ऐकलं तेव्हा माझ्याकडेही तिसरं उत्तर नव्हतं.

त्याने ठरवलं ते असं. आजींना मधल्या रांगेत मधोमध बसवायचं, पाठ टेकलेली, कमरेमागे घडी घातलेली घोंगडी, खांद्याचा पट्टा लावलेला, एका बाजूला लेक आणि दुसऱ्या बाजूला सून. मुलाने आणि भाच्याने मागे जायचं. चारही चाकांतली हवा थोडी सोडायची, म्हणजे लहान दगड टायरच गिळतील. मोकळ्या उतारावरचा दीड किलोमीटर त्यातल्या त्यात सपाट आहे, तो जरा वेगाने, ताशी बारा किलोमीटरने काढायचा. झाडी लागली की फोर बाय फोरच्या लो मध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर मिळतो त्या सर्वांत सावकाश जोडणीत, पहिल्या गिअरवर, चालत्या माणसाच्या वेगाने. उतारावर इंजिनानेच गाडी धरून ठेवली की ब्रेक तापत नाहीत आणि झटका देऊन दाबावेही लागत नाहीत. आजींना त्याने एकच काम दिलं : “दुखलं की ‘थांब’ म्हणा. मी थांबेन. किती वेळा ते मोजू नका.”

उतार

एक वाजून पाच मिनिटांनी ते निघाले. एक सोळाला, झाडीत शिरल्यावर तीन मिनिटांनी, पहिली वीज दिसली. नातीने मोठ्याने आकडे मोजले आणि बाराव्या आकड्याला गडगडाट आला. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज चार किलोमीटरवर होती. वीज आणि आवाज यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असलं तर आपण धोक्याच्या टप्प्यात आलेलो असतो. ते आले होतेच, पण सारख्या उंचीच्या दाट झाडांत होते. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे माथ्यावर जाऊन लगेच फिरले असते तर याच वेळी धारेवरून उतरत असते.

दीडला गारा सुरू झाल्या. ताडपत्री ओढली तरी बाजू उघड्याच. निघताना तळावर बावीस अंश होते. उंचीने दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात एवढा अंदाज लोकांना देतो, गारांनी मिनिटाभरात होणारा गारठा कोणाच्याच हिशेबात नसतो. सुनेने स्वतःचं जाकीट आजींच्या गुडघ्यांवर घातलं.

मग तो ओहोळ आणि ती पायरी. चालक तिथे थांबला. भाचा, ज्याला माथा हवा होता, तो न सांगता खाली उतरला. त्याने आणि मामाने ओहोळातले चपटे दगड आणून पायरीखाली रचले आणि वीस सेंटिमीटरच्या जागी उतरण तयार केली. अंगावर गारा पडत असताना बारा मिनिटं हे काम चाललं होतं. जीप त्या दगडांवरून इतकी हळू गेली की आजींनी “थांब” म्हटलं नाही. एरवी उतरताना त्यांनी ते सात वेळा म्हटलं होतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी ते तळावर आले.

परिणाम

तळावरच्या डॉक्टरांनी पायांची तपासणी केली, वेदनाशामक दिलं आणि एक्स-रे काढायला सांगितलं. कुटुंबाने तो घरी पोचल्यावर, तिसऱ्या दिवशी काढला. कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने दबलेला होता, मज्जातंतू सुरक्षित होते. हाडांच्या घनतेच्या तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली आला. याच आकड्यापासून ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, धरतात. शस्त्रक्रिया लागली नाही. पाठीला पट्टा, थोडी विश्रांती, मग हळूहळू चालणं आणि हाडांसाठी औषध. दहा आठवड्यांत दुखणं बरंच ओसरलं.

मणक्याचे असे भंग पुष्कळदा कोणाच्याच ध्यानात येत नाहीत, पाठदुखी म्हणून निघून जातात. यांचा ध्यानात आला तो सुनेने ‘कधीपासून?’ विचारल्यामुळे. आजींनी नंतर मला फोनवर सांगितलं की ओहोळापाशीच त्यांना आत काहीतरी ‘कट’ झाल्याचं जाणवलं होतं. “पण पोरगी एवढी खुशीत होती. म्हटलं, दोन तासांचं तर आहे.”

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी बैठक. कोण कुठे बसतो हा सुरक्षेचा निर्णय आहे आणि तो आम्ही कुटुंबाच्या मायेवर सोडला होता. आपल्याकडे चांगली जागा लहानांना देऊन मोठी माणसं मागे सरकतात. ती माया खरी आहे आणि तिच्यापुढे चालकाला ‘नाही’ म्हणणं जड जातं. म्हणून आता जागा चालक ठरवतो, लोक जीपपाशी येण्याआधी, फॉर्म हातात घेऊन. मधली रांग आधी भरते. मागच्या बाकावर बसणाऱ्याला पाय रोवून, मांड्यांवर थोडा भार घेऊन कसं बसायचं ते बसवून दाखवतो.

फॉर्मवरचा एक प्रश्न काढून तीन घातले. साध्या पडण्याने कधी हाड मोडलं आहे का? पाठीचं किंवा मानेचं दुखणं आहे का? गर्भवती आहात का? या तिन्हींची उत्तरं लोक न संकोचता देतात, कारण त्यात ‘आजारी’ म्हणवून घ्यावं लागत नाही.

आमच्यातल्या एकाने सुचवलं की साठीनंतर लोकांना घेऊच नये. मी याला ठाम विरोध केला आणि अजूनही करेन. ज्यांचे गुडघे आता डोंगर चढू देत नाहीत त्यांच्यासाठीच तर जीप आहे. आजी कुरणापर्यंतसुद्धा पायी आल्या नसत्या. आणि पन्नाशीच्या बाईची हाडंही ठिसूळ असू शकतात. वयाची अट घातली तर तिला विचारायचंच राहून जाईल.

दुसरी गोष्ट प्रश्न विचारण्याच्या रीतीची. “सगळे ठीक ना?” याला जमावाचं उत्तर येतं. मोठ्या धक्क्यानंतर चालकाने थांबावं, मागे जाऊन एकेकाच्या चेहऱ्याकडे बघून विचारावं : “आजी, पाठीला बसलं का?” थांबल्यावर जो खाली उतरत नाही त्याच्याकडे सर्वांत आधी जावं. वॉकीटॉकीवरच्या बोलण्यातही क्रम बदलला आहे. तळावरून पहिला प्रश्न माणसांचा, आभाळाचा नंतर.

उशिराबद्दल : फेरी अर्ध्या तासापेक्षा उशिरा सुटली की ती कुरणापर्यंतच जाते आणि हे तळावरच सांगितलं जातं. नको असेल त्याने तिथेच नाही म्हणावं. ही घासाघीस २,५०० मीटरवर, ढगाखाली, एकट्या चालकाने का करावी?

ओहोळापलीकडची पायरी आम्ही दगड बसवून कायमची भरली. सहा वर्षं रोज तिच्यावरून गेलो, लोक ओरडत आणि हसत म्हणून ती आम्हाला फेरीचा भागच वाटत होती. भरायला दोन माणसांना एक सकाळ लागली.

न सुटलेला मुद्दा

एका गोष्टीवर चालकाचं आणि माझं अजून जुळत नाही. त्याचं म्हणणं, मोकळ्या उतारावरचा दीड किलोमीटरही त्याने चालत्या माणसाच्या वेगानेच काढायला हवा होता. त्या आठ मिनिटांत आजींनी सातांपैकी चार वेळा “थांब” म्हटलं आणि भंग तिथे आणखी दबला नसेल कशावरून, हे त्याच्या मनातून जात नाही. मी म्हणते, त्या वेगाने ते पंधरा मिनिटं उघड्यावर राहिले असते आणि पहिली वीज त्यांनी तिथेच पाहिली असती. डॉक्टरांना विचारलं. एकाच एक्स-रेवरून कोणत्या धक्क्याने किती दबलं हे सांगता येत नाही, असं त्यांनी सांगितलं.

तो आता जीपमध्ये दोन घोंगड्या जास्त ठेवतो. मधल्या रांगेच्या सीटखाली, हाताला लगेच लागतील अशा.